‘अंगावर काढलं’ म्हणजे नेमकं काय? क्षयरोग एकच, पण बाईचं आणि बाप्याचं आजारपण वेगळं

अंबरनाथ/बदलापूर : सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी हमखास दिसते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, घटत जाणारं वजन, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषधं फुकट. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात मुरबाड-कर्जतकडून आलेला माणूस असो, की वांगणीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाड्यावरून चालत आलेली बाई असो, सूचना दोघांसाठी एकच. मात्र खोकला सुरू झाल्यापासून थुंकीची डबी हातात येईपर्यंत दोघांना लागणारा वेळ वेगळा असतो आणि उशीर होण्याची कारणं तर अगदीच वेगळी असतात.

त्या उशिराला आपल्याकडे एक शब्द आहे, ‘अंगावर काढणं’. ‘एवढं दुखणं अंगावर काढलंत?’ असं कुणी विचारतं तेव्हा त्यात थोडा राग असतो आणि थोडं कौतुकही. बाईच्या बाबतीत कौतुकच जास्त. सोसणारी ती चांगली, कुरकुरणारी ती नाटकी. पण घरातला पैसा, वेळ आणि माणसं मोजून पाहिली, तर अंगावर काढणं हा स्वभाव कमी आणि नाइलाज जास्त असतो. क्षयरोग, म्हणजेच टीबी, हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण.

पुरुषांना जास्त होतो, हे खरं

देशात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. १५ वर्षांवरच्या पुरुषांमध्ये फुफ्फुसाच्या क्षयरोगाचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आढळलं. त्यामुळे ‘सगळं बायकांनाच सोसावं लागतं’ असं सरसकट म्हणून चालणार नाही. याच पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेलेले नव्हते. लक्षणांकडे दुर्लक्ष केलं, हे त्यातल्या बहुतेकांनी सांगितलेलं कारण.

पुरुषांमध्ये प्रमाण जास्त असण्यामागे तंबाखू आहे, दारू आहे आणि बंद जागेतलं काम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३३.८ टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १०.९ टक्के होतं. उल्हासनगरच्या कॅम्प भागात जीन्स शिवणारे अनेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले. ज्या गाळ्यात दिवसभर मशीन चालते, त्याच गाळ्यात रात्री अंथरूण पडतं. खिडकी असली तरी कपड्याच्या गठ्ठ्यांनी झाकलेली. अशा जागेत एकाला टीबी असेल तर बाकीच्यांच्या छातीत जंतू जायला वेळ लागत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. खाडा केला की रोज गेला, तीन खाडे केले की कामही जातं. ओपीडी सकाळची आणि पाळीही सकाळची. पहाटेची लोकल धरून मुंबईकडे जाणाऱ्याचंही तेच. ‘रविवारी बघू’ म्हणायचं, तर रविवारी ओपीडी बंद. त्यात खोकल्यासाठी दवाखान्यात जाणं म्हणजे कमीपणा, हे पुरुषांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग मेडिकलवरून सिरप आणायचं, ते संपलं की दुसरं आणायचं.

औषधं सुरू झाल्यावरही पुरुषांच्या वाटेत एक खड्डा असतो. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. महिना-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि माणूस बरा झालोच म्हणून कामावर जातो. गोळ्या सुटतात. दारू चालू असेल तर या गोळ्यांनी यकृतावर येणारा ताण आणखी वाढतो, पोट बिघडतं आणि दोष मात्र गोळ्यांवर जातो. अर्धवट सोडलेला टीबी परत उलटतो, तेव्हा साध्या औषधांना दाद देईलच असं नाही.

खोकला कुणाच्या नावावर खपतो

बाप्याचा खोकला विडीच्या नावावर खपतो, बाईचा चुलीच्या. पाड्यावर अजून लाकडं जाळून स्वयंपाक होतो, त्यामुळे ‘धुराने होतंय’ हे उत्तर तयारच असतं. शहरात घरी बसून जीन्सची धागा कटिंग करणाऱ्या बाईला ‘कपड्याचा धुरळा बसला’ असं सांगितलं जातं. दोन्ही उत्तरं निव्वळ खोटी नाहीत. धुराने खोकला होतोच, शिवाय चुलीचा धूर टीबीचा धोकाही वाढवतो. पण कारण सापडलं म्हणून तपासणीच राहून जाते.

अशक्तपणाचंही तसंच. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं, पुरुषांमध्ये २१.९ टक्के. निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, तिथे थकवा, चक्कर, अंग गळून जाणं हे कुणाला वेगळं वाटणार कसं? वजन घटलं तरी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणणारे भेटतात. ज्या लक्षणांवरून पुरुषाला संशय यावा, ती बाईच्या रोजच्या जगण्यात आधीच मिसळून गेलेली असतात.

याहून बारीक अडचण थुंकी देण्याची आहे. तपासणीला थुंकी लागते म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, छातीतून खाकरून आलेला बेडका हवा. चारचौघांत जोरात खाकरायचं नाही, हे मुलीला लहानपणापासून शिकवलेलं असतं. रांगेत दहा पुरुष उभे असताना ती डबीत लाळ टाकते आणि निघून येते. अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. पाकिस्तानात रावळपिंडीच्या क्षयरोग केंद्रात यावर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांना थुंकी कशी द्यायची एवढंच दोन मिनिटं नीट समजावून सांगितलं, तर तपासणीत जंतू सापडण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त बोलणं. असं फुकटात होणारं काम फार थोडं असतं.

म्हणून पद्धत माहीत असावी: सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या हवेत, लोकांपासून बाजूला जायचं, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि पोटापासून खोकून येणारा बेडका डबीत टाकायचा. डबी आशाताईंकडूनही मिळू शकते. दवाखान्याच्या आवारातच थुंकी दिली पाहिजे असं नाही.

मूल होत नाही, दोष कुणाचा?

टीबी फक्त छातीत होत नाही. मानेवर गाठी येतात, त्याला जुनी माणसं गंडमाळ म्हणतात. मणक्यात होतो, पोटात होतो आणि बायकांच्या गर्भाशयात व गर्भनलिकांतही होतो. या शेवटच्या प्रकारात खोकला नसतो. पाळी कमी होते किंवा बिघडते, ओटीपोटात दुखतं आणि अनेकदा काहीच होत नाही. नलिका बंद होतात आणि मूल राहत नाही.

पुढे काय होतं ते गावोगाव ठाऊक आहे. देवऋषी, उपास, ‘हिच्यातच खोट आहे’ असली बोलणी, कधी दुसऱ्या लग्नाची भाषा. नवऱ्याची तपासणी तर दूरच. काही वर्षांनी कुणीतरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेतं आणि तिथे पहिल्यांदा टीबीचं नाव निघतं. भारतात वंध्यत्वामागच्या महत्त्वाच्या कारणांत हा टीबी मोडतो. लवकर सापडला तर नलिका वाचण्याची आशा असते. म्हणजे इथे उशिराची किंमत थेट मोजता येते, आणि ज्या गोष्टीवरून बाईला सुनावलं जातं, तीच गोष्ट त्या उशिरामुळे हातची जाते.

ताट वेगळं, चूल तीच

निदान झाल्यावर घरात पहिली हालचाल ताट-वाटी वेगळी करण्याची होते. खरं तर टीबी हवेतून पसरतो. भांड्यांतून, कपड्यांतून, हात लावल्याने पसरत नाही. योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांचा संसर्ग पसरवण्याचा धोका खूपच कमी होतो. तरी ताट वेगळं होतं. गंमत अशी की सुनेचं ताट वेगळं केलेल्या घरातही सगळ्यांची भाकरी तीच थापत असते.

पुरुष आजारी पडला की बायको सेवा करते, गोळ्यांची वेळ सांभाळते, वर कामही धरते. बायको आजारी पडली की तिला माहेरी पाठवतात. उपचार, खाणं, मुलांची शाळा, सगळं माहेरच्या डोक्यावर. बरी झाल्यावर परत नेतीलच याची खात्री नाही. मुलीचं लग्न व्हायचं असेल तर घरचेच आजार लपवतात आणि सरकारी दवाखान्यात नाव लागू नये म्हणून लांबच्या खाजगी डॉक्टरकडे नेतात. (खाजगी डॉक्टरलाही क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे द्यावीच लागते आणि ही माहिती गावात जाहीर करायची नसते, हे मात्र कुणी सांगत नाही.)

इथे एक कायदेशीर गोष्ट सांगायला हवी. क्षयरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात नाही. कुष्ठरोग तसा होता. तोही २०१९ मध्ये कायदा बदलून काढून टाकला. ‘टीबी झाला म्हणून सोडचिठ्ठी’ असं कुणी म्हणत असेल तर ती धमकी आहे, कायदा नव्हे.

बायकांना गोळ्यांबद्दल न सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टीही महत्त्वाच्या आहेत. पहिली, रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नसतं, घाबरून गोळी बंद करायची नाही. दुसरी, हेच औषध चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. तांबी किंवा निरोध हा पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवावा लागतो, आणि हा विषय पुरुष कर्मचाऱ्यासमोर काढायला बाई लाजते म्हणून तो राहूनच जातो. तिसरी, गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना टीबीची नेहमीची औषधं साधारणपणे चालू ठेवता येतात. दवाखान्याला न विचारता बंद करणं हेच आई आणि बाळ दोघांना धोक्याचं.

तृतीयपंथी रुग्णांची गत याहून अवघड. दाखल करायची वेळ आली तर पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा, इथूनच सुरुवात. रांगेतल्या नजरा टाळायच्या म्हणून तपासणीच टाळली जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये क्षयरोगासाठी जो लिंगभाव-विषयक आराखडा काढला, त्यात पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी या तिघांच्याही अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. कागदावर समज आहे. ती खिडकीपर्यंत पोचायला हवी.

हजार रुपये कुणाच्या खात्यात, जेवण कुणाच्या ताटात

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पुरुषाच्या हातात आलेल्या पैशाची वाट कधी दुकानाकडे जाते, कधी गुत्त्याकडे. बाईच्या नावावर आलेल्या पैशाची वाट बहुधा मुलांच्या दुधाकडे. अंडी, शेंगदाणे, डाळ घरात आली तरी आधी पोरं, मग नवरा, मग सासू-सासरे आणि उरलंसुरलं ती. ज्या पोटासाठी पैसे दिले, त्या पोटात काय जातं हे कोणी मोजत नाही.

यावरचा उपाय झारखंडमध्ये करून पाहिला गेला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथे रुग्णाबरोबरच घरातल्या बाकीच्यांनाही धान्य-डाळ दिली. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. सगळ्यांना पुरेल एवढं आलं की शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या ताटातही काही पडतं, इतकं ते साधं आहे.

अंबरनाथ आणि मुरबाड भागातल्या कातकरी कुटुंबांचा प्रश्न यापुढचा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. उचल घेतलेली असते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, त्यामुळे एकाने खाट धरली तर दोघांचा रोज बुडतो. नवरा आजारी असेल तर बाई दोघांचं ओढते. बाई आजारी असेल तर ती तशीच थापत राहते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्याच्या मुळाशीही हीच उचल आणि हाच खाडा होता. पाळीच्या चार दिवसांचा रोज बुडू नये म्हणून अवयव काढून टाकायचा, इथवर गोष्ट गेली होती.

कल्याणची मुलगी

इथून दोन-चार स्टेशनांवरच्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं, सासरचं नाव आनंदी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेलं. बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नाहीत आणि बाई डॉक्टर देशात नाही, म्हणून आपणच डॉक्टर व्हायचं तिने ठरवलं. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयरोगाने त्यांचा पुण्यात मृत्यू झाला. वय २१. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्यावर औषध यायला आणखी साठ वर्षं लागायची होती.

औषध आलं, बाई डॉक्टरही आल्या. तरी शंभर वर्षांनी चित्र काय होतं? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यापैकी बहुतेकींना एकाहून जास्त. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ‘अंगावरून जातं’ एवढ्या दोन शब्दांत बायका जे गुंडाळून ठेवत होत्या, ते पहिल्यांदा जगासमोर आलं. तोपर्यंत गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारला दिसत होतं.

आता दृष्टी बदलली आहे, पण पूर्ण नाही. राज्यात सप्टेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांवरच्या सर्व स्त्रियांच्या तपासणीसाठी मोहीम निघाली, नाव ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर निघाली ती ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. शिबिरं उपयोगाची, त्यात शंका नाही. पण दोन्ही नावांत बाई बरी व्हायची ती घरासाठी. जी माता नाही, जिचं घर नाही, जिला घरानेच बाहेर काढलंय, तिने कुठल्या नावाखाली रांगेत उभं राहायचं?

आता करायचं काय

दोन आठवड्यांवर खोकला गेला की कारण काहीही वाटत असो, थुंकी तपासायची. धूर, धुरळा, विडी यातलं काय ते डॉक्टरला ठरवू द्यायचं. पहिली तपासणी नीट झाली नाही असं वाटलं, तर पुन्हा देण्याचा हक्क आहे. घरात एकाला टीबी निघाला तर उरलेल्या सगळ्यांची तपासणी करायची, त्यात सूनही आली आणि खाली खेळणारं पोरही. लागण टाळण्याची औषधं घरच्यांना मोफत मिळू शकतात.

माहेरी जायचं असेल, भट्टीवर निघायचं असेल किंवा उल्हासनगरचा गाळा सोडून गावी परतायचं असेल, तर निघण्याआधी दवाखान्यात सांगायचं. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक असतो आणि त्यावर उपचार देशात कुठल्याही सरकारी केंद्रात हलवता येतो. क्रमांक कागदावर लिहून आपल्याजवळ ठेवायचा, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये नव्हे. बाईच्या नावाचं खातं नसेल तर उपचार सुरू होतानाच दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना विचारून ते उघडून घ्यायचं. चौकशीसाठी क्षयरोगाची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ ही आहे. आरोग्याच्या इतर सल्ल्यासाठी १०४, आणि मन खचलं असेल तर १४४१६. बोलण्यासाठी घरातून परवानगी मिळत नसेल तर फोन आशाताईंच्या मोबाइलवरूनही लागतो.